मत कोणाला पडले आणि मत कोणी टाकले

(एका खेड्यातील वाचनालयाच्या ओट्यावर तेथील शाळामास्तरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी पुढारी नाही, वकील नाही, की राजकारणाचा पंडितही नाही. मराठी अध्यापक विद्यालयात जे चार धडे मिळाले त्यांच्या आधारावर गेली वीसएक वर्षे खेड्यातली पोरे शिकवीत आलेला मी एक मास्तर आहे. मास्तराने कोणत्याही पक्षाची बाजू घेऊ नये असा सरकारी नियम आहे, व तो मी आजही पाळणार आहे. परंतु निवडणूक आली म्हणजे ह्याच मास्तराच्या हाती मतदारयादी येते, शाईची बाटली येते, आणि आदल्या रात्री परक्या गावच्या शाळेत बाकावर झोपण्याची पाळीही येते. त्यामुळे निवडणूक मी टेबलाच्या आतल्या बाजूने पुष्कळ वेळा पाहिली. तेथून मतदाराचा चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यामागच्या मनाविषयी आज बोलावे असे योजिले आहे.

माझा प्रश्न साधा आहे. निवडणुकीत लबाडी झाली असे ऐकले की कोणी खवळतो, कोणी हसतो, आणि कोणी "चालायचेच" म्हणून तंबाखू मळू लागतो. लबाडी तर एकच. मग तिच्याकडे पाहण्याच्या नजरा इतक्या वेगळ्या का? ह्याचे उत्तर माझ्यापुरते मला एका म्हातारीने दिले. तिची हकीकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी मी पहिला मतदान अधिकारी होतो. यादीत नाव शोधावयाचे, ते मोठ्याने वाचावयाचे व त्यावर खूण करावयाची, हे माझे काम. दुपारी तीनच्या सुमारास एक म्हातारी आली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलेली, मतासाठी म्हणून मिळेल त्या वाहनाने आलेली. मी नाव पाहिले, तर त्यावर खूण झालेली. मी म्हणालो, "आजी, तुमचे मत सकाळीच झाले आहे." तिने डावा हात पुढे केला व म्हणाली, "गुरुजी, माझं बोट बघा की. कुठं हाय शाई?" बोट कोयत्याने चिरलेले होते, काळवंडलेले होते, पण शाईचा ठिपकाही त्यावर नव्हता. आणि यादीवरची ती खूण माझ्याच हातची होती. सकाळच्या गर्दीत कोणी बाई चिठ्ठी घेऊन आली, मी चिठ्ठी पाहिली, बाई पाहिली नाही.

आता पुढचे ऐका. केंद्रात निरनिराळ्या उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. तोतया मतदाराला हरकत घेण्यासाठीच ते तेथे असतात. सकाळी त्यांतील एकानेही हरकत घेतली नव्हती. त्यांतला एक त्या म्हातारीच्याच आळीचा होता. तो हसून म्हणाला, "जाऊ दे ना मावशे, मत आपल्यालाच पडलंय." म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पडलं असंल रं. पण टाकलं कुणी?" आणि ती निघून गेली.

सज्जनहो, ह्या दोन वाक्यांत माझे सारे व्याख्यान आले. एक माणूस विचारतो, मत कोणाला पडले? दुसरा विचारतो, मत कोणी टाकले? जो पहिला प्रश्न विचारतो त्याला लबाडी तेव्हाच दिसते, जेव्हा ती त्याच्या विरुद्ध जाते. जो दुसरा विचारतो त्याला ती सर्वदा दिसते. दुःख हे की आपल्यात पहिले फार व दुसरे थोडे.

प्रथम जयपराजयाची गोष्ट घेऊ. सन २०२४ चे साल आपल्या जिल्ह्याने नीट आठवावे. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला. अहमदनगर मतदारसंघात नीलेश लंके हे सुमारे २९ हजार मतांनी निवडून आले, सुजय विखे पाटील पडले. शेजारच्या शिर्डीतही महाविकास आघाडीचाच उमेदवार आला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी २६ एप्रिलला असा निर्णय दिला होता की दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल. त्यासाठी एका संचामागे ४७ हजार २०० रुपये भरावे लागत. विखे पाटलांनी ४० केंद्रांच्या यंत्रांची तपासणी मागितली. तेव्हा जिंकलेल्या बाजूचे लोक पारावर हसत होते. "पडले म्हणून यंत्राला बोल लावतात," असे मी माझ्या कानांनी ऐकले.

पाच महिने गेले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. जिल्ह्यातील १२ जागांपैकी १० महायुतीला व २ आघाडीला गेल्या. आता तपासणीचे अर्ज दुसऱ्या बाजूच्या पराभूत उमेदवारांचे होते, आणि हसणारे पहिल्या बाजूचे होते. पार तोच, माणसे तीच, यंत्रही तेच. फक्त हसणे व रडणे यांनी जागा बदलली. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आपण पोरांसाठी केली. ती निवडणुकीला अधिक लागू पडते.

ह्याचा अर्थ संशय घेणारा खोटा, असे मुळीच नाही. तपासणी मागणे हा उमेदवाराचा हक्क आहे, आणि तो न्यायालयाने दिलेला आहे. माझे म्हणणे इतकेच की, आपला संशय निकालावरून उत्पन्न होतो की पुराव्यावरून, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे. हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेसारख्या शिकल्यासवरल्या देशात २०२० च्या निवडणुकीत पडलेल्या बाजूच्या जमावाने ६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच कायदेमंडळाच्या इमारतीवर चाल केली. न्यायालयांनी त्यांच्या तक्रारी फेटाळल्या होत्या. पण हरलेल्या मनाला न्यायालय पटत नाही.

आपल्या जिल्ह्यालाही न्यायालयाचा अनुभव जुना आहे. १९९१ साली नगरच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले व अपक्ष बाळासाहेब विखे पाटील पडले. प्रचारात प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने केली, ह्या कारणावरून १९९३ मध्ये उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच राखली. ह्याच प्रकरणात शरद पवारांवर उच्च न्यायालयाने ठेवलेला ठपका मात्र सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. पुढे १९९४ ला पोटनिवडणूक झाली आणि त्याच काँग्रेसचा उमेदवार पुन्हा निवडून आला. मतदारांनी न्यायालय धुडकावले असे मी म्हणत नाही; मताला कारणे अनेक असतात. पण मी अनेक म्हाताऱ्यांना त्या खटल्याविषयी विचारले आहे. जो ज्या गटाचा होता, त्याच गटाचे उत्तर त्याने दिले. "काय सिद्ध झाले" हे कोणी सांगितले नाही. "आपल्यावर कसा अन्याय झाला" किंवा "त्यांची कशी जिरली" हेच सांगितले.

आता पैशाकडे वळू, कारण निवडणुकीतील लबाडी म्हटली की शहाण्या लोकांच्या डोळ्यांपुढे पहिल्याने गरीब उभा राहतो. पाचशेची नोट आणि लुगडे घेऊन मत विकणारा अडाणी, हे चित्र फार जुने आहे. इंग्रजी अमदानीत ठराविक सारा किंवा कर भरणारालाच मत होते. सर्वांना मत द्या असे कोणी म्हटले की उत्तर ठरलेले असे: अडाण्यांना मत दिले तर ते विकून खातील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मत मागितले, ते ह्याच आक्षेपाला तोंड देऊन.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. निवडणुकीतील लाच, दडपण आणि तोतयेगिरी ह्यांचे स्वतंत्र प्रकरण हिंदी दंडविधानात घातले गेले ते १९२० साली. त्या वेळी मत होते कोणाला? जमीनदाराला, सावकाराला, वकिलाला, इनामदाराला. मजुराला, बाईला, महारामांगाला, भिल्लाला मत नव्हतेच. म्हणजे गरिबाच्या हाती मत येण्याच्या तीस वर्षे आधी सरकारला मतांच्या लाचेवर कायदा करावा लागला! मग मत विकण्याची विद्या गरिबाने शोधून काढली असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

गरीब पैसे घेत नाही असे मी म्हणत नाही. घेतो. आणि कायद्याने देणारा व घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत. आजच्या भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात तसेच आहे. परंतु गरीब त्या पैशाकडे कसा पाहतो हे समजून घ्या. एका मजूर बाईने मला सांगितले, "गुरुजी, पाच वरसं त्यांनी आमचं खाल्लं, एक दिस आम्ही त्यांचं खाल्लं." तिच्या मते ती लाच नव्हती, वसुली होती. आणि मत तिने आपल्या मनाने दिले, असे तिनेच सांगितले. तिचे बरोबर असे मी म्हणणार नाही. कारण ज्याने पेरले तो उगवलेले काढणारच; त्या पाचशेची वसुली रेशनातून, रस्त्यातून, घरकुलाच्या हप्त्यातून होते. पण तिच्या पाचशेवर व्याख्यान झोडणाऱ्याने, तिला रोज काय मिळतो व कोणाच्या शेतात मिळतो, हेही विचारावे. पैशापेक्षा भीती मोठी असते. "कोणाला मत दिले ते आम्हाला कळते," अशी बतावणी करून मजुराला धाक घालणारा हा लाच देणारापेक्षाही मोठा गुन्हेगार आहे, आणि त्याच्याविषयी गावात कोणी शब्द काढत नाही.

येथे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीची आठवण होते. विधानसभेच्या निकालानंतर माळशिरस तालुक्यातील त्या गावच्या लोकांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी कागदी मतपत्रिकेवर आपले आपण पुन्हा मतदान घेण्याचा बेत केला. प्रशासनाने जमावबंदी लावून तो थांबविला. त्यांचा उमेदवार त्या जागेवर निवडून आला होता, तरी गावात तो मागे पडला हे त्यांना पटेना. लोकांनी हिशेब मागितला ह्यात मला गैर काही दिसत नाही, आणि मागणाराला उत्तर मिळाले पाहिजे. पण "आमच्या गावचे मत कोठे जाते ते आम्हाला ठाऊक आहे," हे जे वाक्य आपण सारेच गावोगाव बोलतो, त्याची मला धास्ती वाटते. ज्या गावात घरोघरचे मत ठाऊक असते, तेथे गुप्त मतदान नावालाच उरते. एखादी सून, एखादा सालगडी आपल्या मनाने मत देऊन आला, तर गावाच्या हिशेबात ती लबाडी ठरावी काय?

बायांचा विषय निघालाच आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" असेच सांगितले होते. त्या बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांतील होत्या. पण आपणही फार फुशारकी मारू नये. मी यादी तपासावयास घरोघर जातो तेव्हा दारात पुरुष उभा राहतो व सर्वांची उत्तरे तोच देतो. घरातील बाईचे मत नवऱ्याने ठरविले तर त्याला कोणी गैरप्रकार म्हणत नाही. त्याला घरची शिस्त म्हणतात. म्हणूनच निवडणुकीतील लबाडीविषयी बाईला विचारले की ती म्हणते, "त्यातलं आम्हाला काय कळतं?" तिला कळत नाही असे नाही. ज्याचे जळते त्याला कळते. तिला कोणी विचारीत नाही.

जात व भावकी ह्यांचेही असेच आहे. आपल्या जातीच्या उमेदवाराने जातीच्या नावाने मते मागितली तर ते एकीचे लक्षण. दुसऱ्याने मागितली तर तो जातीयवाद. कायदा दोघांनाही एकच माप लावतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढील निकालात, चार विरुद्ध तीन मतांनी, असे ठरले की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्म, जात, भाषा ह्यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार आहे. पण भावकीच्या बैठकीत हा निकाल वाचून दाखविण्याची कोणाची छाती आहे?

आणि कधी कधी सारा गावच एक होऊन लबाडीला पुण्याचे नाव देतो. नाशिक जिल्ह्यातील उमराणे गावी ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधी सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली २ कोटी ५ लाख रुपयांवर गेली व तो पैसा मंदिरासाठी असे सांगण्यात आले. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळीला ४२ लाखांची बोली झाली. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. तेव्हा पुष्कळ भल्या माणसांनी मला विचारले, "मास्तर, देवाच्या कामाला पैसा गेला, भांडण टळले, वाईट काय झाले?" मी म्हणालो, त्या लिलावात बोली लावण्याची ऐपत किती जणांची होती? ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे त्याने कोठे उभे राहावे? एका माणसाला पाचशे दिले तर लाच, आणि साऱ्या गावाला दोन कोटी दिले तर दान, हा हिशेब मला तिसरीच्या पोराला शिकविता येणार नाही.

वयाचाही फरक मी पाहतो. म्हातारी माणसे म्हणतात, कागद आणि शिक्का बरा होता. पण मतदान केंद्र बळकावण्याच्या गुन्ह्याला १९८९ मध्ये कायद्यात वेगळे कलम घालावे लागले, आणि तेव्हा सगळीकडे कागदच होता, हे ते विसरतात. तरुण पोरे मोबाईलवर आलेली चित्रफीत पाहून लगेच खवळतात, पण आपल्या शेजारच्या मेलेल्या म्हाताऱ्याचे नाव यादीत तसेच आहे, ह्याचा त्यांना राग येत नाही. दूरची लबाडी दिसते, दाराजवळची दिसत नाही.

आता शिकलेल्यांकडे येतो, आणि येथे मला स्वतःला पिंजऱ्यात उभे राहिले पाहिजे. शिक्षणाने माणूस मताच्या बाबतीत प्रामाणिक होतो असे मी पुष्कळ वर्षे पोरांना सांगत असे. मग यादीचे काम माझ्याकडे आले. पुण्यामुंबईस नोकरीला गेलेल्या शिकलेल्या माणसांची नावे तेथेही आहेत व येथेही आहेत, असे मला दिसू लागले. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा बंदी करतो, आणि खोटे निवेदन करणारास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा त्यात आहे. मी एका गृहस्थाला हे सांगितले, तर तो म्हणाला, "अहो, ती काय लबाडी आहे? गावाशी नाते आहे." पाचशे रुपये घेणारी मजूरबाई त्याच्या मते देश बुडविणारी, आणि दोन यादींत नाव ठेवणारा तो स्वतः मात्र गावाचा अभिमानी!

मी त्याला बोलणार होतो. पण माझी जीभ अडखळली. कारण माझे स्वतःचे नाव त्या वेळी दोन ठिकाणी होते. बदलीच्या गावी मी नाव घातले होते, आणि जन्मगावचे काढले नव्हते. वडील म्हणाले होते, "नाव काढू नको. भावकीचे एक मत कमी होईल." मी दोनदा मत दिले नाही; पण नाव ठेवले. नागरिकशास्त्राचा धडा शिकवीत असताना ठेवले. ते काढण्याचा नमुना ७ चा अर्ज माझ्याच पिशवीत असे, दुसऱ्यांना देण्यासाठी. त्या म्हातारीनंतर मी तो भरला. वडील चार महिने माझ्याशी धड बोलले नाहीत.

आणि त्या म्हातारीविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपले मत दुसऱ्याने टाकलेले आढळले तर खऱ्या मतदाराला रिकाम्या हाताने परत पाठवू नये असा नियम आहे. ओळख पटली की तिला कागदी मतपत्रिका द्यावयाची असते. त्याला प्रदत्त मत म्हणतात, लोक त्याला टेंडर वोट म्हणतात. ते वेगळ्या लखोट्यात बंद राहते, एरवी मोजले जात नाही, पण उद्या खटला झाला तर न्यायालयापुढे ते साक्षीला उभे राहते. अशा वीस मतपत्रिका त्या दिवशी आमच्या पेटीत होत्या. मला नियम ठाऊक होता. केंद्राध्यक्षांना मी एक शब्द सांगावयाचा होता. रांग मोठी होती, कागद वाढले असते, आणि खूण चुकली ती माझ्याच हातून हे उघड झाले असते. मी गप्प बसलो. संध्याकाळी वीसच्या वीस कोऱ्या मतपत्रिका मोजून परत केल्या, आणि सर्व काही सुरळीत पार पडल्याचे कागदावर लिहिले गेले. त्या कागदावर लबाडी नाही. ती माझ्यापाशी आहे.

म्हणून आपणापाशी माझे मागणे थोडे आहे. एक, मतदारयादीचे चावडीवाचन होते तेव्हा हजर राहा. मेलेल्यांची, गेलेल्यांची, दोनदा आलेल्यांची नावे तेथेच मोठ्याने सांगा, आणि सुरुवात आपल्या घरापासून करा. दुसरे, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची यादी गावाने ठेवावी, म्हणजे त्यांच्या नावावर दुसरा कोणी आला तर ओळखू येईल. तिसरे, आपले मत गेले असे दिसले तर घरी जाऊ नका. प्रदत्त मत मागा. मास्तर देत नसेल तर भांडा. चौथे, आयाबहिणींनो, तुमच्या मताविषयी घरात कोणी विचारले तर सांगू नका; न सांगणे हा तुमचा हक्क आहे. आणि पाचवे, सर्वांत कठीण: ज्या दिवशी आपलीच बाजू जिंकेल, त्या दिवशी आपल्याच बाजूची लबाडी उघड करणारा एक तरी माणूस ह्या गावात निघावा. हरल्यावर ओरडणारे पुष्कळ आहेत. जिंकल्यावर विचारणारा एक मिळाला तरी गावाची निवडणूक सुधारेल.

ती म्हातारी पुन्हा मला भेटली नाही. त्या गावी माझी नेमणूक पुन्हा झाली नाही. पण आता टेबलाशी बसलो म्हणजे मी चिठ्ठीच्या आधी चेहरा पाहतो. रांग थोडी हळू सरते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.